कोर्टाची पायरी : कोणती, कुठली आणि किती दिवसांत?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या भागात पोराटोरांच्याही तोंडी आहे. म्हण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याने ती प्रथम काढली त्याने एक गोष्ट सांगायची ठेवली, ती म्हणजे ही पायरी एक नाही. तहसील कचेरीत एक पायरी आहे, रस्ता ओलांडला की दिवाणी कोर्टाची दुसरी आहे, जिल्ह्याच्या गावी तिसरी, सहकार न्यायालयाची चौथी, आणि हायकोर्टाची आणखी वेगळी. आपले सभासद कोर्टात गेले म्हणून जेवढे बुडाले, त्याहून जास्त चुकीच्या कोर्टात गेले म्हणून बुडाले, असे आमचे गेल्या कित्येक हंगामांचे निरीक्षण आहे. पैसा जातो तो जातोच, पण मुदत जाते ती पुन्हा मिळत नाही.

यंदा हा विषय घ्यायला कारण झाले ते आपल्याच एका सभासदाचे. नाव देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. तीन एकर आडसाली ऊस, नंबर एक जमीन, पाण्याची अडचण नाही. शेतातून गाडीवाटेपर्यंत जायला चुलतभावाच्या रानातून जुनी वहिवाटीची वाट. मृगाच्या तोंडावर चुलतभावाने ती नांगरली आणि तोंडाला काट्याची शिरी लावली. आता भावकीचा मामला. आधी चार पंच बसले, मग यात्रेनंतर बसू म्हणाले, मग दसऱ्यानंतर, मग दिवाळीत पाहुणे येतील तेव्हा मिटवू असे ठरले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चिटबॉय तोडणीची चिट घेऊन गेला, टोळी फडात उतरायला आली, आणि ट्रॅक्टर उभा करायला जागा नाही. मुकादमाने दोन दिवस वाट पाहिली आणि टोळी पुढच्या गटात नेली. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याचेही पोट त्यावर आहे.

सभासद आधी पोलीस ठाण्यात गेला. तिथे अदखलपात्र नोंद झाली आणि सांगितले, बाबा, हे दिवाणी आहे. मग तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), तिथून सर्कलकडे, तिथून तहसील कचेरीत. तिथल्या लिपिकाने अर्ज हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, “वाट कधी अडवली?” सभासदाने प्रामाणिकपणे सांगितले, “जूनमध्ये.” लिपिक म्हणाला, “मग तुमचे सहा महिने गेले की हो!”

हे सहा महिने कुठून आले, आणि ते गेल्यावर काय उरते, हे समजायचे तर सगळी इमारत खालून वर पाहायला हवी.

तहसीलदार म्हणजेही कोर्टच

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की तहसीलदार म्हणजे दाखले देणारा आणि सारा वसूल करणारा साहेब. पण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या जुन्या कायद्याने तहसीलदाराला न्यायालय म्हणून बसण्याचा अधिकार दिला आहे. शेताला जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, पाटाचे पाणी तोडले, पाण्याचा नैसर्गिक प्रवाह वळवून दुसऱ्याच्या पिकात सोडला, तर या कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. तिथे मोठा खर्च नाही, काम सरळ आहे, स्थळपाहणी होते आणि अडथळा काढण्याचा हुकूम होऊ शकतो. फक्त अट एक : अडवल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. पंच बसले होते, भावकी मिटवत होती, या सबबी तिथे चालत नाहीत. पंचांनी बसू नये असे आम्ही म्हणत नाही. पंच बसू देत, पण अर्ज आधी टाकून ठेवावा. मिटले तर अर्ज काढून घेता येतो.

आता त्याच कचेरीत दुसरे एक दार आहे, आणि ते पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. वहिवाटीची वाट नसेल किंवा तिचा पुरावा उभा राहत नसेल, तर बांधावरून आपल्या शेतात जायला नवी वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे या कलमाखाली अर्ज करता येतो. शेतकऱ्याची वाजवी गरज काय, दुसऱ्याचे नुकसान कमीत कमी कसे होईल, हे पाहून तहसीलदार निर्णय देतो. इथे सहा महिन्यांचे बंधन नाही. मात्र नोटिसा, जाबजबाब, पाहणी यात काळ जातो. फडात ऊस उभा असताना हा मार्ग धरला तर हुकूम यायच्या आत उसाला तुरा येतो, हे ध्यानात ठेवावे. या कलमाखालच्या निर्णयावर ज्याचे समाधान नाही त्याला एका वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात दावा लावता येतो.

थोडक्यात, जुनी वाट अडवली तर मामलेदार कोर्ट, नवी वाट हवी तर कलम १४३. अर्जावर कलम चुकीचे पडले की अर्धे वर्ष फुकट जाते.

सातबाऱ्याच्या नोंदीचे भांडण हे तहसील कचेरीचे तिसरे प्रकरण. वारसाची नोंद, खरेदीची नोंद, वाटणीची नोंद यावर कुणी हरकत घेतली की तक्रारी नोंद होते आणि मंडळ अधिकारी त्यावर निर्णय देतो. त्यावर अपील प्रांताकडे. जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याचा हुकूम असेल तर अपिलाची मुदत साठ दिवस, इतर हुकमांवर नव्वद दिवस. प्रांताच्या वर जिल्हाधिकारी किंवा अप्पर जिल्हाधिकारी, त्यावर विभागीय आयुक्त, आणि काही प्रकरणे थेट मंत्रालयात मंत्र्यांपुढे जातात. ही महसुली शिडी चढता चढता दोन पिढ्या गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना एकच गोष्ट कुणी वेळेवर सांगितली नाही. सातबाऱ्यावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही. ती नोंद साऱ्यासाठी असते. उलट पुरावा येईपर्यंत ती खरी धरली जाते एवढेच. जमीन कुणाची हा वाद असेल तर तो ठरवायचा अधिकार दिवाणी कोर्टाचा. नोंदीपायी दहा वर्षे प्रांत ते आयुक्त फिरायचे आणि शेवटी ‘मालकी दिवाणी कोर्टातून ठरवून आणा’ हे वाक्य ऐकायचे, असे पुष्कळांच्या वाट्याला आले आहे.

कुळकायद्याचे मात्र उलट. कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी दाव्यात निघाला तर दिवाणी न्यायाधीश तो स्वतः ठरवत नाहीत. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि तिथला निर्णय आल्यावर दावा पुढे चालतो. तिथले अपील जिल्हाधिकाऱ्याकडे आणि पुढे महसूल न्यायाधिकरणाकडे.

तालुक्याचे कोर्ट

आता रस्ता ओलांडून खऱ्याखुऱ्या कोर्टात जाऊ. जुनी माणसे अजून ‘मुन्सफ कोर्ट’ म्हणतात. पाटीवर लिहिलेले असते ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’. म्हणजे माणूस एकच, खुर्ची एकच, पण अधिकार दोन. बांधाचा दावा ऐकताना तो दिवाणी न्यायाधीश असतो, आणि त्या बांधावर झालेल्या मारामारीचा खटला ऐकताना न्यायदंडाधिकारी. म्हणून एकाच भांडणाचे दोन नंबर, दोन तारखा आणि दोन निकाल होऊ शकतात. फौजदारीत आरोपी सुटला म्हणजे बांध आपला झाला, असा समज करून घेऊ नये. दिवाणी आणि फौजदारीच्या पुराव्याची मोजमापे वेगळी आहेत.

कनिष्ठ स्तराला दाव्याच्या रकमेची मर्यादा आहे. सरकार ती वेळोवेळी वाढवते. त्यापुढच्या किमतीचे दावे वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाकडे. त्याला रकमेची मर्यादा नाही. या दोन पायऱ्या फार जुन्या आहेत. १८६९ च्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्यात त्यांना पहिल्या वर्गाचे आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज म्हणत. नावे बदलली, चौकट तीच राहिली.

फौजदारी बाजूला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिनेही या दोन मर्यादा तशाच ठेवल्या आहेत. खून, दरोडा असे मोठे खटले सत्र न्यायालयात चालतात. आणि चॅप्टर केस म्हणतात ती आणखी वेगळी. शांतताभंग होऊ नये म्हणून जामीन लिहून घेणारा तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असतो. तो गुन्ह्याची शिक्षा देत नाही, पुढे भांडण करणार नाही याची हमी घेतो. पूर्वी मामलेदारच फौजदारी खटलेही चालवीत. मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने न्यायाचे काम आणि कारभाराचे काम वेगळे केले, ते बरे झाले.

या न्यायाधीशांना नेमते कोण, हा प्रश्न आम्हाला परवा एका तरुण सभासदाने विचारला. तालुक्याचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की नव्या भरतीसाठी उमेदवाराची निदान तीन वर्षांची वकिली झालेली असावी. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. मात्र बदली, बढती, शिस्त या सगळ्यावर ताबा उच्च न्यायालयाचा, कलेक्टरचा किंवा पुढाऱ्याचा नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ ने ही तजवीज करून ठेवली आहे. तेव्हा ‘साहेबाला वरून फोन करतो’ असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

दावा लावताना आणि लागल्यावर

दावा आपण लावला किंवा आपल्यावर लागला, दोन्ही वेळी काही गोष्टी वकिलांवर सोपवून चालत नाहीत. समन्स बेलिफाने आणून दिले की ते देवळीत ठेवून विसरणारे सभासद आहेत. कायद्याने कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. कारण दाखवून फार तर नव्वद दिवसांपर्यंत. ती दिली नाही तर कैफियतीविना दावा चालवण्याचा हुकूम होतो आणि मग तो रद्द करून घेण्यात खर्च होतो. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत तीस दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाची नव्वद दिवस. नकलेसाठी लागलेले दिवस यातून वगळले जातात, म्हणून निकाल लागल्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा.

आपल्याविरुद्ध कुणी एकतर्फी मनाई हुकूम आणील अशी भीती असेल तर आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवता येते. ते नव्वद दिवस टिकते. तेवढ्यात समोरचा कोर्टात गेला तर आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम होत नाही.

वाटपाच्या दाव्याबद्दल विशेष सांगायला हवे, कारण ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बापाच्या मृत्यूच्या तारखेवरून घातला जाणारा घोळही संपला. आपल्या कार्यक्षेत्रातले वाटपाचे दावे त्यामुळे वाढले आहेत. दिवाणी कोर्ट कुणाचा हिस्सा किती हे ठरवते. पण सारा आकारलेल्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडून ताबा देण्याचे काम कोर्ट करत नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार आणि भूमापकाकडे. म्हणजे दिवाणी कोर्टातून निघालेला माणूस पुन्हा तहसील कचेरीच्या पायरीवर येतो. दावा जिंकल्याचे पेढे वाटून झाल्यावर हे कळते तेव्हा तोंड कडू होते.

भगिनी सभासदांसाठी एक गोष्ट. मिळकतीचा वाद, पोटगी, छळ आणि घटस्फोट या बाबतींत महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. हे सांगायचे वकील क्वचित विसरतात. आपण विसरू नये.

तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने तसे ठरले. दावा, कैफियत, साक्ष, निकाल मराठीत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. उच्च न्यायालयाचे काम मात्र इंग्रजीत चालते.

जिल्हा आणि त्यापुढे

जिल्हा व सत्र न्यायाधीश हेही एकाच माणसाचे दोन अधिकार. दिवाणी अपिले ऐकताना जिल्हा न्यायाधीश, मोठे खटले चालवताना सत्र न्यायाधीश. सत्र न्यायालय फाशीपर्यंत शिक्षा देऊ शकते, पण फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. मोटार अपघाताचे भरपाईचे दावेही जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात चालतात. हंगामात रात्री दिव्याशिवाय उभ्या केलेल्या ट्रॉलींमुळे काय होते ते आपण दरवर्षी पाहतो. या दाव्यांना पूर्वी मुदत नव्हती, १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे.

बियाणे खोटे निघाले, ठिबकचा संच बिघडला, यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. कामगारांच्या तक्रारी कामगार व औद्योगिक न्यायालयात. मुंबई शहराची व्यवस्था निराळी, तिथे नगर दिवाणी न्यायालय आणि लघुवाद न्यायालय आहे. आपला त्याच्याशी संबंध येत नाही.

संबंध येतो तो सहकार न्यायालयाशी, आणि तिथे आम्ही जरा थांबणार आहोत.

आपला कारखाना, सोसायटी, जिल्हा बँक या सगळ्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालच्या संस्था. संस्थेची घटना, सर्वसाधारण सभा, कारभार, व्यवहार यांबद्दलचा सभासद आणि संस्था यांच्यातला वाद दिवाणी कोर्टात नेता येत नाही. कलम ९१ प्रमाणे तो सहकार न्यायालयात न्यावा लागतो. दिवाणी कोर्टात लावलेला असा दावा ‘अधिकार नाही’ म्हणून परत येतो. सहकार न्यायालयाच्या निकालावर दोन महिन्यांत महाराष्ट्र राज्य सहकारी अपील न्यायालयात जाता येते, आणि त्यापुढे उच्च न्यायालय.

पण सहकारातला प्रत्येक वाद सहकार न्यायालयाचा नसतो, आणि इथेच सभासद फसतात. सभासदत्वाचा अर्ज नाकारला तर अपील निबंधकाकडे. साखर कारखान्यांच्या बाबतीत निबंधकाचे हे अधिकार साखर आयुक्तालयाचे प्रादेशिक सहसंचालक वापरतात. सोसायटीची थकबाकी असेल तर कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो. त्यावर फेरतपासणी मागायची तर वसुलीच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दाखला निघण्यापूर्वी नोटीस येते, तेव्हाच हजर राहून हिशेब तपासला तर ही वेळ येत नाही. नोटीस परत पाठवून कुणाचे कर्ज मिटल्याचे आम्ही अजून ऐकले नाही.

हे सारे आम्ही कारखान्याच्या पत्रिकेत लिहितो म्हणजे कारखान्याविरुद्ध कसे जावे हे शिकवतो, असे कुणी म्हणेल. म्हणो. ज्याचा भाग आहे त्याला दार माहीत असलेच पाहिजे.

कर्जदार कुणब्याची जुनी आठवण

कोर्टाबद्दलची आपली भीती उगाच आलेली नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सावकार कोर्टात कागद दाखल करी, अक्षरशत्रू कुणब्याला समन्सचा अर्थ कळेना, एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांची दुकाने फोडली, रोखे-खतांची होळी केली, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावोगाव पसरले. त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या कागदामागे जाऊन मूळ देणे किती हे तपासण्याचा अधिकार दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले, आणि गावपातळीवर तडजोड घडवणारे नेमले. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले. पुढे १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा न्यायाधीश गावोगावची खाती तपासत हिंडत होता, हे आजच्या तारखांच्या दिवसांत आठवले की बरे वाटते.

तडजोडीचा तो धागा आजच्या लोकअदालतीत दिसतो. १९८७ चा विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो हुकूमनामा अंतिम, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठराविक उत्पन्नाच्या आतले लोक यांना वकीलही मोफत मिळतो. मात्र सही करण्याआधी तडजोडीचा मसुदा वाचून घ्यावा. अपील नाही याचा अर्थ अपील नाही.

हायकोर्ट जवळ आले

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. नागपूरला खंडपीठ, औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ, गोव्यात पणजीला खंडपीठ. नागपूरला १९३६ पासून स्वतंत्र हायकोर्टच होते, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबईशी जोडले गेले. औरंगाबादला १९८१ मध्ये सुरुवात झाली आणि तिथे पुढे कायमचे खंडपीठ झाले. त्यामुळे नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांचे सभासद कित्येक वर्षे तिकडे जातात. आपण मात्र पावणेचारशे किलोमीटर मुंबईला जात होतो. रात्रीच्या गाडीने जायचे, सकाळी फोर्टात उतरायचे, वकिलाच्या कार्यालयाबाहेर बसायचे, आणि दुपारी कळायचे की आज नंबर लागत नाही. राहायला ओळख नसली तर स्टेशनावर झोपलेले सभासद आम्हाला माहीत आहेत.

कोल्हापूर संस्थानाचे स्वतःचे हायकोर्ट होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले आणि ते गेले. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि लोकांनी दशकानुदशके खंडपीठाची मागणी केली, उपोषणे झाली, कोर्टाचे काम बंद राहिले. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये मुख्य न्यायाधीशांना राज्यपालांच्या संमतीने दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश बसवता येतात. औरंगाबादची सुरुवातही याच कलमाने झाली होती. कायमच्या खंडपीठासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. सर्किट बेंच म्हणजे कमी दर्जाचे कोर्ट असे समजू नये. तिथे उच्च न्यायालयाचेच न्यायाधीश बसतात आणि त्यांचा हुकूम मुंबईच्या हुकमाइतकाच पक्का असतो.

उच्च न्यायालयाचे काम नुसते अपिले ऐकण्याचे नाही. जमिनीच्या दाव्यातले दुसरे अपील तिथे जाते खरे, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल होते. ‘साक्षीदार खोटे बोलला’ एवढ्यावर नाही. म्हणून पुरावा तालुक्यातच नीट द्यावा. हायकोर्टात नवा पुरावा देऊ, ही भाषा कामाची नाही. दुसरे काम रिटचे. सरकारने किंवा सरकारी अधिकाऱ्याने कायदा सोडून हुकूम काढला तर घटनेच्या कलम २२६ खाली तो रद्द करून घेता येतो. खालच्या सर्व न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेख कलम २२७ खाली. याचा दाखला आपल्याच धंद्यात आहे. एफ.आर.पी. दोन टप्प्यांत देण्याचा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासननिर्णय उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे आणि उशिराला पंधरा टक्के व्याज असे लिहिले आहे. केंद्राच्या त्या आदेशाच्या वर राज्याचा शासननिर्णय जात नाही. कारखान्यांच्या रोकडीला तो निकाल जड गेला, हे आम्ही लपवत नाही.

हायकोर्टाच्या वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. तिथवर जाण्याची पाळी आपल्या कुणा सभासदावर न येवो.

तारीख घरबसल्या

दाव्याची तारीख काय पडली हे विचारायला आता तालुक्याला जावे लागत नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी-आकडी सी.एन.आर. क्रमांक असतो. तो वकिलाकडून लिहून घ्यावा. ई-कोर्ट सेवेत मोबाईलवर तो घातला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले, हुकूम काय, सगळे दिसते. ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे पोर आहे त्यांनी ते त्याच्याकडून शिकून घ्यावे. आपल्या गट ऑफिसांतल्या शेतकी कर्मचाऱ्यांनाही हे दाखवून ठेवले आहे.

वाटेचा वाद असलेल्या सभासदांनी वाट कोणत्या तारखेला अडवली याची लेखी नोंद ठेवावी. अर्जाला दोन्ही गटांचे सातबारे, गटाचा नकाशा आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा. त्याची एक प्रत गट ऑफिसात दिली तर शेतकी खात्याला तोडणीचा कार्यक्रम त्या हिशेबाने मागेपुढे करता येईल. हंगाम सुरू झाल्यावर मात्र ते आमच्या हातात राहत नाही.

आता त्या सभासदाचे. जुन्या वाटेसाठी त्याने दिवाणी दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला, आणि तहसीलदाराकडे कलम १४३ चा अर्जही टाकला. फेब्रुवारीत ऊस तुटला तो पलीकडच्या शेतकऱ्याच्या रानातून, डोक्यावर मोळ्या वाहून. टोळीला एकरी जादा पैसे द्यावे लागले, आणि उसाला तुरा आल्याने वजनात घट आली ती वेगळीच. मे महिन्यात तहसीलदारांची पाहणी होऊन पश्चिमेच्या बांधावरून वाट मिळाली. त्याचा खोडवा पुढच्या हंगामात त्याच वाटेने गव्हाणीवर आला. दिवाणी दावा अजून चालू आहे. चुलतभावाची कैफियत दाखल झाली असून पुढची तारीख मुद्दे काढण्यासाठी नेमली आहे.